जलोल्लंघनाच्या चमत्कारकथा आणि बीड जिल्ह्यातील गोदातीर

नदी अथवा समुद्र दुभंगून मार्ग देतो, खोल पाणी क्षणात गुडघाभर होते, श्रद्धावान मनुष्य पाण्यावरून चालत जातो किंवा एका तीरावर अदृश्य होऊन दुसऱ्या तीरावर प्रगट होतो, अशा आशयाच्या कथा जगातील बहुतेक प्रमुख धर्मांच्या ग्रंथांत आढळतात. या कथांचा एकत्रित विचार करताना महाराष्ट्रात गोदावरीच्या मध्य खोऱ्याकडे, विशेषतः बीड जिल्ह्याच्या उत्तर सीमेकडे, लक्ष जाणे स्वाभाविक आहे. या सीमेवरून वाहणाऱ्या गोदावरीला तेथील लोक केवळ ‘गंगा’ म्हणतात व तिच्या काठच्या प्रदेशाला ‘गंगथडी’ हे नाव आहे. गेवराई व माजलगाव तालुक्यांतील गंगथडीवर पांचाळेश्वर, राक्षसभुवन यांसारखी क्षेत्रे असून महानुभाव पंथ व दत्त संप्रदाय या दोहोंच्या परंपरा तेथे एकमेकींत मिसळल्या आहेत. पलीकडच्या तीरावर पैठण व आपेगाव. आणि जिल्ह्याच्या दक्षिण भागात बालाघाटाच्या डोंगराळ पठारावर मुकुंदराज आणि दासोपंत यांचे अंबेजोगाई. जलोल्लंघनाची कल्पना या टापूत कथा, क्षेत्र, तत्त्वज्ञान आणि एकदा तर प्रत्यक्ष रणसंग्राम अशा चारही रूपांनी वावरली आहे.

‘तीर्थ’ हा शब्दच ‘तॄ’ म्हणजे तरून जाणे या धातूपासून झाला आहे. त्याचा मूळ अर्थ नदीचा उतार, म्हणजे पायी ओलांडता येण्याजोगी जागा, असा होता. पवित्र स्नानाचे स्थान हा अर्थ मागाहून आला. जैनांचे तीर्थंकर म्हणजे असा उतार बांधून देणारे. ‘तारक’, ‘तरणोपाय’, ‘भवपार’, ‘पैलतीर’ ही सारी शब्दसंपत्ती त्याच अनुभवातून आली आहे. पूल नसलेल्या काळात पावसाळ्याचे चार महिने नदी ही सरहद्दच असे. भोपळ्यांची सांगड, नाव आणि नावाडी यांवाचून पैलथडीचे गाव परदेशाइतके दूर होई. लेकीसुना माहेरी जाऊ शकत नसत, बाजार बंद पडे, प्रेत स्मशानात नेण्यासाठीही उताराची वाट पाहावी लागे. या अडवणुकीची जाणीव ठेवल्यावाचून पुढील कथांचे मर्म कळत नाही.

भारतीय वाङ्‌मयातील या प्रकारची सर्वांत प्राचीन रचना ऋग्वेदाच्या तिसऱ्या मंडलातील तेहतिसाव्या सूक्तात आहे. भरतांच्या गाड्या व रथ घेऊन विश्वामित्र विपाश् आणि शुतुद्री (आजच्या बिआस व सतलज) या नद्यांच्या संगमाजवळ येतो आणि क्षणभर थांबण्याची त्यांना विनंती करतो. नद्या प्रथम नकार देतात. आपल्याला इंद्राने वाट करून दिली आहे, एका ब्राह्मणाच्या हाकेसाठी आपण का थांबावे, असा त्यांचा भाव आहे. विश्वामित्र त्यांची स्तुती करतो; मग त्या लवण्यास तयार होतात आणि पाणी गाड्यांच्या आसांखाली राहते. यास्काने निरुक्तात या सूक्तामागील कथा सांगताना विश्वामित्राला पैजवन सुदासाचा पुरोहित म्हटले आहे. या सूक्तात नदी जिंकली जात नाही, तिला विनविले जाते. तिच्याशी नाते जोडले जाते आणि शेवटी गाडीच्या बैलांना इजा होऊ नये अशीही प्रार्थना केली जाते. चमत्कारकथेत बैलांची आठवण ठेवणारा हा ऋषी गंगथडीच्या शेतकऱ्याला आपल्यातलाच वाटावा. ऋग्वेदाच्या सातव्या मंडलात मात्र याच सुदासाच्या शत्रूंना परुष्णी नदीने बुडविल्याचे वर्णन आहे. एकाला उतार आणि दुसऱ्याला जलसमाधी ही जोडी येथून पुढे वारंवार भेटते.

या जोडीचे सर्वांत प्रसिद्ध रूप ज्यू धर्मग्रंथातील निर्गमाच्या पुस्तकात आहे. मिसरच्या दास्यातून निघालेले इस्राएल लोक समुद्राशी अडतात, मागून फारोचे रथ येतात, मोशे हात उगारतो आणि समुद्र दुभंगतो. लोक कोरड्या भूमीवरून पार होतात व पाठलाग करणारे सैन्य परतणाऱ्या पाण्यात बुडते. रूढ भाषांतरांत या समुद्राला तांबडा समुद्र म्हटले जाते. मूळ हिब्रू शब्द ‘याम सूफ’ असा असून त्याचा ‘लव्हाळ्यांचा समुद्र’ असा अर्थ अनेक अभ्यासक लावतात. चौदाव्या अध्यायात दोन वर्णने एकत्र गुंफलेली दिसतात. एकात रात्रभर वाहणाऱ्या पूर्वेच्या वाऱ्याने पाणी मागे हटते. दुसऱ्यात दोन्ही बाजूंना पाण्याच्या भिंती उभ्या राहतात. पंधराव्या अध्यायातील विजयगीत भाषेच्या दृष्टीने अधिक प्राचीन मानले जाते. त्याचा भर घोडा व स्वार समुद्रात फेकला गेला यावर असून लोक कोरड्या वाटेने चालत गेल्याचे चित्र त्यात ठसठशीत नाही. मिसरच्या ज्ञात कोरीव लेखांत या घटनेचा उल्लेख मिळत नाही. इस्राएल या नावाचा सर्वांत जुना उल्लेख असलेला मेर्नेप्ताह या फारोचा शिलालेख इ. स. पू. सु. १२०८ चा आहे आणि त्यात ते लोक कनान प्रदेशात असल्याचे सूचित होते. इतिहासाचा पुरावा इतका तुटपुंजा असूनही या कथेने एका लोकसमूहाला तीन सहस्रकांच्या आसपास एकत्र बांधून ठेवले, ही गोष्टच इतिहासकाराने अधिक लक्षात घ्यावयास हवी.

मोशेचा वारस यहोशवा लोकांना घेऊन यार्देन नदी ओलांडतो, ती कथा याच घटनेची प्रतिध्वनी आहे. तेथे काळ सुगीचा असून नदी दुथडी भरून वाहत होती, असे ग्रंथकार मुद्दाम नोंदवितो. कराराचा कोश वाहणाऱ्या याजकांचे पाय पाण्याला लागताच वरचे पाणी आदाम नावाच्या गावापाशी थबकते. या गावाचे स्थान आजच्या दामियाजवळ मानले जाते आणि तेथेच इ. स. १२६७ मध्ये दरड कोसळून नदी काही तास अडल्याची नोंद अरब इतिहासकार नुवैरी याने केली आहे. पार झाल्यावर नदीच्या पात्रातून बारा धोंडे उचलून काठावर रचण्यात येतात. पुढे मुलांनी हे धोंडे कसले असे विचारले की, त्यांना ही हकीकत सांगावी, असा त्यामागील हेतू आहे. या धोंड्यांकडे पांचाळेश्वराच्या संदर्भात पुन्हा वळावे लागेल.

मराठी भाषेला या कथांचा परिचय चार शतकांहून जुना आहे. फादर थॉमस स्टीफन्स यांचे ख्रिस्तपुराण १६१६ मध्ये गोव्यात रायतूर येथे छापले गेले. त्याच्या ‘पैले पुराण’ या भागात जुन्या करारातील वृत्तान्त ओवीबद्ध मराठीत आला आहे. कोकणातील बेने इस्राएल समाजाची गोष्ट याहून निराळी आहे. आपले पूर्वज अलिबागजवळ नौगाव येथे गलबत फुटून किनाऱ्याला लागले व त्यांतील सात पुरुष आणि सात स्त्रिया तेवढ्या वाचल्या, अशी त्यांची परंपरागत समजूत आहे. मोशेच्या लोकांना समुद्राने वाट दिली. यांना त्याने फक्त काठावर टाकले. ग्रंथ नष्ट झाले, हिब्रू भाषा विसरली गेली, तरी वसंतातील वल्हांडणाचा सण या समाजात टिकून होता. पण त्याचे कारण मात्र लोपले होते. आंबट पदार्थाचे भांडे झाकून ठेवण्याच्या चालीवरून त्या सणाला घरगुती मराठी नाव पडले होते. एकोणिसाव्या शतकात हागादा या सणविधीच्या ग्रंथाची मराठी भाषांतरे मुंबईत १८४६ मध्ये आणि पुण्यात १८७४ मध्ये निघाली, तेव्हा आपण दरवर्षी भांडे का झाकतो हे अनेक कुटुंबांना मायबोलीतून प्रथमच वाचावयास मिळाले असणार. अलिबागजवळच्या खंडाळे येथील खडकावरून एलिया संदेष्टा रथातून स्वर्गारोहण करून गेला, असे हा समाज मानतो. मूळ ग्रंथात हे आरोहण, एलिया आपल्या अंगरख्याने यार्देन दुभंगवून पलीकडे गेल्यानंतरचे आहे. नदी तेथेच राहिली आणि खडक तेवढा कोकणात आला.

कुराणात मूसाच्या समुद्रोल्लंघनाचा उल्लेख अनेकवार आहे. ‘शुअरा’ या सूरेत दुभंगलेल्या समुद्राचा प्रत्येक भाग प्रचंड पर्वतासारखा उभा राहिल्याचे वर्णन येते. ‘यूनुस’ या सूरेत बुडता बुडता फिरऔन श्रद्धेची कबुली देतो, पण ती वेळ टळलेली असते. ही सुटका मुहर्रमच्या दहाव्या दिवशी झाली व म्हणून मदीनेतील ज्यू त्या दिवशी उपवास करीत, असे हदीसमध्ये आले आहे. हिजरी सन ६१ (इ. स. ६८०) मध्ये त्याच तिथीला करबलाच्या मैदानावर इमाम हुसैन मारले गेले, तेही फुरात नदीच्या पाण्यापासून तोडले जाऊन. एका तिथीला पाण्याने दिलेली वाट आणि नाकारलेले पाणी अशा दोन्ही आठवणी चिकटलेल्या आहेत. १९४८ पर्यंत हैदराबाद संस्थानात असलेल्या मराठवाड्यात मुहर्रमच्या पंजांपुढे हिंदूही नवस बोलत आले आहेत आणि मिरवणुकीच्या वाटेवर सरबत व पाणी पाजण्याची रीत सर्वांना परिचित आहे. अवर्षणग्रस्त प्रदेशात या कथेतील तहान समजावून सांगावी लागत नाही.

पौराणिक हिंदू परंपरेत वसुदेवाचे यमुनोल्लंघन हे सर्वाधिक लोकप्रिय आहे. भागवताच्या दशम स्कंधात, पर्जन्याने फुगलेली व भोवऱ्यांनी भरलेली यमुना, समुद्राने रामाला वाट दिली तशी वसुदेवाला वाट देते. विष्णुपुराणात ती फक्त गुडघाभर होते, म्हणजे चमत्कार मोजून मापून घडतो. पाणी वसुदेवाच्या गळ्यापर्यंत चढते आणि बाळकृष्णाच्या पायाचा अंगठा लागताच उतरते, हे कीर्तनांतून सर्वतोमुखी झालेले चित्र मात्र या दोन्ही पुराणांत नाही. तो लोकमानसाचा भर आहे, आणि अप्रतिम भर आहे. कारण त्यामुळे यमुना ही घाबरून बाजूला होणारी नदी न राहता चरणस्पर्शासाठी उसळणारी भक्त होते. महाराष्ट्रात ‘वसुदेव-प्याला’ नावाचे धातूचे एक खेळणे आढळते. पेल्यात कृष्णाला घेतलेल्या वसुदेवाची मूर्ती असते; पाणी ओतत गेल्यास ते बालकृष्णाच्या पायाला लागताच तळाच्या छिद्रातून सारे वाहून जाते. मूर्तीत दडविलेल्या वक्रनलिकेची ही करामत होय. चमत्कार आणि त्याचा उलगडा एकाच पेल्यात मुलांच्या हाती देणाऱ्या कासाराला या दोहोंत विरोध वाटला नसावा.

रामकथेतील समुद्रोल्लंघन याच्या उलट प्रवृत्तीचे आहे. वाल्मीकिरामायणाच्या युद्धकांडात राम तीन दिवस समुद्राची आराधना करतो, नंतर कोपून बाण लावतो. तेव्हा सागर प्रगट होऊन, अगाध व अलंघ्य असणे हा आपला स्वभाव आहे व तो सोडणे हीच विकृती होईल, असे सांगतो. मग नलाच्या देखरेखीखाली वानर पाच दिवसांत शंभर योजने सेतू बांधतात. रामनामाने तरंगणारे पाषाण नंतरच्या कथांत आले; वाल्मीकींकडे कष्ट, शिळा आणि वृक्ष आहेत. निसर्गाचा नियम मोडण्यास नकार देणारा हा सागर धर्मग्रंथांतील जलदेवतांमध्ये काहीसा एकाकी आहे. गोपालतापनी उपनिषदातील कथा तर विनोदाच्या वळणाची आहे. दुर्वासाला अन्न घेऊन निघालेल्या गोपींना कृष्ण सांगतो की, कृष्ण ब्रह्मचारी आहे असे म्हणा म्हणजे यमुना वाट देईल. आणि यमुना वाट देते. कर्म करूनही अलिप्त राहणे म्हणजे काय, हा येथील प्रश्न असून नदी ही फक्त साक्षीदार आहे.

पाण्यावरून चालण्याच्या कथांचा गट वेगळा आहे, कारण तेथे समूहाच्या सुटकेपेक्षा एकट्या माणसाच्या मनाची कसोटी असते. मत्तयाच्या शुभवर्तमानात वादळी रात्री येशू सरोवरावरून चालत शिष्यांच्या नावेकडे येतो. पेत्रही त्याच्या आज्ञेवरून पाण्यावर पाऊल टाकतो, पण वाऱ्याकडे लक्ष जाताच भितो आणि बुडू लागतो. सीलानिसंस जातकाच्या प्रास्ताविक कथेत बुद्धाचा एक उपासक सायंकाळी अचिरवती नदीशी येतो. नाव नसते. बुद्धाच्या ध्यानात मग्न होऊन तो पाण्यावरून चालू लागतो. मध्यावर लाटांकडे नजर जाऊन ध्यान ढळते आणि पाय खाली जाऊ लागतात. पुन्हा चित्त एकाग्र करून तो पलीकडे पोचतो. दोन्ही कथांतील साम्यावरून परस्परप्रभावाविषयी पुष्कळ लिहिले गेले आहे. प्रभाव असो वा नसो, एक भेद लक्षणीय आहे. उपासक स्वतःच्या प्रयत्नाने पुन्हा वर येतो, पेत्राला दुसऱ्याचा हात धरावा लागतो. स्वावलंबन आणि कृपा या दोन धर्ममार्गांमधील अंतर या एका तपशिलात दिसते. महापरिनिब्बान सुत्तात पाटलिग्रामाजवळ लोक नावा व तराफे शोधीत असताना बुद्ध संघासह गंगेच्या पैलतीरी प्रगट होतो. त्याच बुद्धाने अन्यत्र धर्माला तराफ्याची उपमा दिली असून पार झाल्यावर तो डोक्यावर वाहू नये असे सुचविले आहे. बीड जिल्ह्यातील आजचा बौद्ध समाज मुख्यतः १९५६ नंतरच्या धर्मांतरातून उभा राहिला. त्याने बुद्धचरित्र डॉ. बाबासाहेब आंबेडकरांच्या विवेकनिष्ठ मांडणीतून स्वीकारले असल्यामुळे त्याच्या श्रद्धेत या चमत्कारांना स्थान नाही. तराफ्याच्या दृष्टान्ताला आहे.

आता गोदातीराकडे. गेवराई तालुक्यातील पांचाळेश्वर हे महानुभावांचे श्रेष्ठ तीर्थ असून त्याला ते ‘आत्मतीर्थ’ म्हणतात. पंथाच्या पंचकृष्णांपैकी श्रीदत्तात्रेय प्रभू येथे नित्य भोजनास येतात व माहूर येथे निद्रा करतात, अशी श्रद्धा आहे. मंदिर गोदावरीच्या पात्रातच आहे. मोठा पूर आला की, ते चहूकडून पाण्याने वेढले जाते. येथील श्रद्धेत नदीने वाट देण्याची गरजच उरत नाही. देव रोज इतक्या दूरवर येजा करतो आणि भक्ताला मात्र चिखल तुडवीत जावे लागते. महानुभाव पंथात परमेश्वरावताराच्या स्पर्शाने पुनीत झालेल्या जागांना ‘स्थान’ म्हणतात. अशा स्थानांची तपशीलवार नोंद करणारा ‘स्थानपोथी’ हा ग्रंथ प्रसिद्ध आहे. त्या ठिकाणचे ओटे वंदिले जातात आणि तेथील पाषाण श्रद्धेने जपले जातात. यार्देनच्या पात्रातून उचललेले बारा धोंडे आणि महानुभाव साधकाने जपलेला संबंधी पाषाण यांच्यामध्ये कोणताही ऐतिहासिक दुवा नाही. तरीही दोहोंचे कार्य एकच दिसते. चमत्कार पुन्हा घडत नाही. दगड राहतो, आणि मुलाने विचारले म्हणजे सांगता येते. महिंभटांच्या लीळाचरित्रासारखा ग्रंथ (सु. १२७८) याच स्मरणाच्या ओढीतून, चक्रधरस्वामींच्या वियोगानंतर, सिद्ध झाला.

दत्त संप्रदायात पाण्याशी संबंधित चमत्कार अधिक ठळक आहेत. सरस्वती गंगाधर यांच्या गुरुचरित्रात नरसिंह सरस्वती कृष्णाकाठी अमरापूर येथे असताना चौसष्ट योगिनी त्यांच्या पूजेस येतात आणि नदी दुभंगून वाट देते. हे दृश्य गंगानुज नावाचा, शेताची राखण करणारा एक सामान्य मनुष्य पाहतो. पाळतीवर ठेवलेला माणूस भिऊन परततो आणि शेतकऱ्याला ते दिसते, यातील कटाक्ष उघड आहे. याच परंपरेतील दासोपंत (१५५१–१६१५) यांनी राक्षसभुवन येथे तपश्चर्या केली व तेथे त्यांना दत्ताच्या पादुका लाभल्या, असे संप्रदायात मानतात. पुढे ते अंबेजोगाईस स्थायिक झाले. सुमारे सव्वा लाख ओव्यांचा गीतार्णव आणि कापडावर लिहिलेले पंचीकरण, म्हणजेच त्यांची ‘पासोडी’, ही तेथील निर्मिती होय. ‘गीतार्णव’ म्हणजे गीतारूपी समुद्र. सव्वा लाख ओव्या लिहिणाऱ्याने निवडलेले हे नाव अतिशयोक्त म्हणता येत नाही.

त्याच राक्षसभुवनास, जेथे शनीचे प्रसिद्ध मंदिर आहे, १० ऑगस्ट १७६३ रोजी मराठे व निजाम यांच्यात लढाई झाली. पानिपतानंतर दोनच वर्षांनी निजामअलीने पुणे लुटले होते. मराठी फौजा त्याच्या पाठीवर होत्या. औरंगाबादेकडे निघालेला निजामअली काही सैन्यासह गोदावरी उतरून उत्तर तीरावर गेला आणि त्याचा दिवाण विठ्ठल सुंदर उरलेल्या फौजेसह दक्षिण तीरावर राहिला. नदी श्रावणाच्या पुराने भरलेली होती. मराठ्यांनी गाठ घातली. प्रारंभी राघोबादादा वेढले गेले, पण तरुण माधवराव पेशव्यांनी हल्ला चढवून त्यांची सुटका केली. विठ्ठल सुंदर मारला गेला आणि दक्षिण तीरावरील फौजेचा धुव्वा उडाला. पलीकडच्या काठावरून निजामाला हे पाहण्यापलीकडे काही करता आले नाही. पुढे सप्टेंबरमध्ये औरंगाबादेस तह झाला.

निर्गमाच्या कथेतील बहुतेक सर्व घटक या प्रसंगात आहेत. अडविणारे पाणी, पाठलाग, एका काठावर वाचलेले व दुसऱ्या काठावर अडकलेले लोक, आणि एका राज्याला मिळालेले पुनरुज्जीवन. पानिपतातून सावरणाऱ्या मराठ्यांना ही देवाची कृपा वाटली असल्यास नवल नाही. तथापि नदी दुभंगल्याची वा देवाने ती रोखल्याची कथा या लढाईभोवती रूढ झाली नाही. याचे एक कारण असे संभवते की, या प्रसंगात नदीने कोणालाच वाट दिली नाही. तिने फक्त अडविले. शिवाय दोन्ही काठांवरील सैन्यांत मराठी बोलणारे, गोदेला गंगा म्हणणारे लोक होते. बुडणारा जेव्हा आपल्यापैकीच असतो, तेव्हा विजयगीत सहजासहजी सुचत नाही. ज्यू परंपरेलाही ही अडचण जाणवली होती. आपली लेकरे समुद्रात बुडत असताना गाणे कसले गाता, असे देवाने देवदूतांना खडसावल्याचा प्रसंग तालमुदात आहे. चमत्काराची किंमत दुसऱ्या कोणाला तरी मोजावी लागते, याची इतकी स्पष्ट कबुली धर्मवाङ्‌मयात विरळाच.

मराठी संतांनी या साऱ्या परंपरेला जे वळण दिले, ते गंगथडीच्या भूमीतूनच निघाले आहे. अंबेजोगाईस ज्यांची समाधी दाखविली जाते त्या मुकुंदराजांच्या ग्रंथाचे नाव विवेकसिंधु (परंपरेनुसार शके १११०, म्हणजे ११८८) असे आहे. या कालनिर्णयाविषयी आणि विदर्भातील आंभोरे की अंबेजोगाई या स्थलनिर्णयाविषयी विद्वानांत मतभेद आहेत. येथे महत्त्वाचे ते नावच. भवसिंधू तरून जावयाचा तो विवेकाच्या सिंधूत उतरून, म्हणजे पाण्यावर उपाय पाणीच.

ज्ञानेश्वरांचे पूर्वज पैठणजवळील आपेगावचे. ज्ञानेश्वरी सिद्ध झाली ती शके १२१२ (१२९०) मध्ये प्रवरेच्या काठी नेवासे येथे, आणि प्रवरा पुढे गोदेसच मिळते. गीतेच्या सातव्या अध्यायातील, माया तरून जाण्यास कठीण आहे, या श्लोकावर भाष्य करताना त्यांनी मायेची अख्खी नदी उभी केली आहे. ती डोंगरकड्यावरून निघते, गुणांच्या पावसाने तिला पूर येतो, तीत भोवरे आहेत, गाळ आहे, मासे आहेत. ज्यांना स्वतःच्या बुद्धीचा, विद्येचा किंवा यज्ञकर्माचा भरवसा वाटतो, ते निरनिराळी साधने घेऊन तीत उड्या टाकतात आणि एकेक करून नाहीसे होतात. हे वर्णन वाचताना ज्याने पूर पाहिला आहे अशा माणसाचे डोळे जाणवतात. मग भक्ताचे काय होते? नदी दुभंगत नाही, तो पाण्यावरून चालतही नाही. सर्वभावे शरण गेलेल्याच्या बाबतीत पाणी अलीकडच्या काठालाच संपून जाते. उतरण्याचा प्रसंगच येत नाही. धर्मग्रंथांतील जलोल्लंघनाच्या सर्व प्रकारांत हा प्रकार सर्वस्वी निराळा आहे. वैदिक ऋषीने नदीला विनविले, मोशेने ती दुभंगविली, नलाने सेतू बांधला, पेत्र बुडता बुडता वाचला. ज्ञानेश्वरांच्या भक्ताने ओलांडण्याची गोष्टच मिटविली. अद्वैताच्या भूमिकेवर हे अपरिहार्य होते, कारण पाणीच मिथ्या ठरल्यावर पैलतीर ते कोणते?

या भूमिकेमुळे वारकरी परंपरेत सिद्धींविषयी एक प्रकारची बेफिकिरी आली. पाण्यावरून चालण्याची विद्या अनेक वर्षे साधून आलेल्या योग्याला, नावाड्याला एक पैसा दिला असता तर हेच झाले असते, असे सांगणारी गोष्ट रामकृष्ण परमहंस सांगत. चांगदेवाचे गर्वहरण ही त्याच वृत्तीची मराठी कथा होय. अर्थात इंद्रायणीत बुडविलेल्या तुकारामांच्या वह्या तेरा दिवसांनी कोरड्या वर आल्याची आठवण याच परंपरेने जिवापाड जपली आहे, त्यामुळे बेफिकिरीलाही मर्यादा आहे म्हणावयाचे. तेथे मात्र तरला तो माणूस नव्हे, शब्द. पैठणचे एकनाथ महाराज यांनी शके १५२१ च्या फाल्गुन वद्य षष्ठीस (१५९९) गोदावरीत देह ठेवला, तो प्रसंगही याच संदर्भात पाहण्यासारखा आहे. जन्मभर तीरावर राहिलेल्या या सत्पुरुषाने शेवटी नदी ओलांडली नाही, तो तीत उतरला. नाथषष्ठीला वारकरी त्याच वाळवंटात जमतात.

आधुनिक काळात या कथांचे भौतिक उलगडे पुष्कळ सुचविले गेले. वाऱ्याने हटणारे उथळ खारे पाणी, भरती-ओहोटी, दरड कोसळून अडलेला प्रवाह, हंगामी उतार, यांपैकी काही शक्यतेच्या कोटीतील आहेत. परंतु वारा वाहिला हे निर्गमाचा ग्रंथकार स्वतःच सांगतो. त्याला वाऱ्याची लाज वाटत नाही. त्याच्या दृष्टीने चमत्कार म्हणजे निसर्गनियमाचा भंग नव्हे, तर नेमक्या वेळी नेमके घडणे. वसुदेव ज्या रात्री निघाला त्याच रात्री यमुना उतरली, हा त्या कथेचा आशय आहे. ती किती इंच उतरली हा नव्हे. जो वाट पाहत काठावर उभा राहिला आहे आणि ज्याच्या मागे संकट आहे, त्याच्यासाठी हा भेद जगण्यामरण्याचा असतो. उलट, ज्याच्यासाठी पाणी उतरले नाही त्याला कोणता धर्म काय सांगतो, हा प्रश्न या कथा क्वचितच हाताळतात. गंगथडीच्या गावांत पुरात वाहून गेलेल्यांची नावे घराघरांत आठवली जातात आणि त्यांत भाविकांची संख्या काही कमी नसते. श्रद्धा कमी पडली म्हणून बुडाला, असे त्यांच्याविषयी बोलण्याचे धाडस गावात कोणी करीत नाही. पेत्राच्या कथेचा सरळ अर्थ लावणाऱ्या प्रवचनकारांनी ही ग्रामीण सभ्यता ध्यानात घेण्यासारखी आहे.

नदी आता पूर्वीची राहिलेली नाही. पैठण येथे १९७६ मध्ये पुऱ्या झालेल्या जायकवाडी धरणानंतर खालच्या पात्रातील पाणी पावसाइतकेच धरणाच्या दरवाजांवर अवलंबून झाले. पर्जन्यछायेतील या जिल्ह्यात अवर्षणाच्या वर्षी पात्राचा मोठा भाग कोरडा पडतो आणि ऐलथडीचा माणूस वाळू तुडवीत सहज पैलथडीला जातो. कोणी त्याला चमत्कार म्हणत नाही, उलट तो शाप मानला जातो. याउलट ऑगस्ट २००६ प्रमाणे धरणातून मोठा विसर्ग झाला की, राक्षसभुवनच्या शनिमंदिरात पाणी शिरते आणि पांचाळेश्वराचे आत्मतीर्थ वेढले जाते. सोलापूर–धुळे राष्ट्रीय महामार्ग शहागडजवळच्या पुलावरून गोदावरी ओलांडतो. बीडकडून जालना, छत्रपती संभाजीनगरकडे जाणारी बहुतेक वाहतूक याच पुलावरून होते. बस पुलावर आली की, काही प्रवासी अजूनही हात जोडतात आणि एखादे नाणे खिडकीतून खाली टाकतात.